सही नसलेली नक्कल कशी बघायची?

संग्रहालयात चित्राखाली ‘हाउसमानच्या चित्रावरून, चित्रकार अज्ञात’ अशी पाटी दिसली की आपण काय करतो? पुढे सरकतो. नक्कलच ना, तिच्यात काय बघायचं! आज मला तुम्हाला तिथेच थोडं थांबवायचं आहे.

एलिआस गॉटलोब हाउसमान हा लाइपझिगमधला व्यक्तिचित्रकार. १७४६ साली त्याने संगीतकार योहान सेबास्टियन बाखचं चित्र रंगवलं. बाखच्या हातात एक कागद आहे आणि त्यावर सहा आवाजांची एक छोटी रचना. लिहिलेल्या ओळी मात्र तीनच. प्रत्येक ओळ उलटी केली, म्हणजे चढाच्या जागी उतार घेतला, की उरलेले तीन आवाज मिळतात. बाख आपल्यापुढे चक्क कोडं धरून उभा आहे.

हे चित्र पुढे बाख जिथे शिकवायचा त्या सेंट थॉमस शाळेत होतं. त्याची बरीच झीज झाली, मग दुरुस्त्या झाल्या, रंगावर रंग चढले. त्यामुळे आज त्यात हाउसमानचा हात किती आणि दुरुस्ती करणाऱ्यांचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. १७४८ साली हाउसमाननेच त्याची दुसरी प्रत केली. ती खूपच चांगली टिकली आणि २०१५ मध्ये अमेरिकेतून लाइपझिगला परत आली. गंमत बघा, बाख कसा दिसायचा हे सांगताना अभ्यासक पहिल्या चित्रापेक्षा या प्रतीवर जास्त भरवसा ठेवतात!

मग बिनसहीच्या नकलांनाच कमी का लेखायचं? फोटो नव्हते तेव्हा एखाद्याचा चेहरा घरी किंवा शाळेत हवा असेल तर नक्कल करून घेणं हाच मार्ग होता. लोकांना बाख हवा होता, नक्कल करणाऱ्याचं नाव नव्हे.

अशी नक्कल समोर आली तर आधी चेहरा सोडा, कागद बघा. स्वर जागच्या जागी असतील तर नक्कल करणाऱ्याला संगीत वाचता येत होतं, किंवा तो फार काटेकोर होता. नुसतेच ठिपके असतील तर त्याच्या लेखी तो कागद म्हणजे निव्वळ सजावट.

मग चेहरा. माझ्या मते हाउसमानचा बाख वरून कडक आणि खालून मायाळू आहे: आक्रसलेल्या भुवया, पण भरलेले ओठ आणि दुहेरी हनुवटी. नकलेत नुसत्या भुवयाच उरल्या असतील तर चित्रकाराने माणूस सोडून पुतळा रंगवला, असं मी म्हणेन.

शेवटी रंग. मूळ थरात टायटॅनियम पांढरा सापडला तर नक्कल विसाव्या शतकाआधीची असूच शकत नाही.

पोथ्यांचे संपादक हेच करतात. लेखनिकाने केलेली चूक पुढच्या प्रतींत उतरते आणि त्यावरून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हे कळतं. तसंच, दुरुस्तीत बदललेली एखादी रेघ नकलेत असेल तर ती नक्कल दुरुस्तीनंतरची. ती नसेल, तर कदाचित झाकला गेलेला हाउसमान त्या अनामिक हाताने आपल्यासाठी राखून ठेवला असेल.

म्हणून पाटीवर नुसतं ‘चित्रकार अज्ञात’ लिहून भागत नाही. नक्कल कोणत्या प्रतीवरून केली आणि साधारण कधी, एवढं तरी लिहायला हवं. माणसाचं नाव हरवलं असलं, तरी त्याने काय पाहिलं ते अजून समोर टांगलेलं आहे.