हैदराबादचे विभाजन : तीन नेते, तीन विचार

परसत्ता गेली म्हणजे राष्ट्र आपोआप घडते, असे नाही. नाना भाषांच्या व धर्मांच्या लोकांनी कोणत्या नात्याने एकत्र नांदावे, हा प्रश्न तेव्हाच खरा उभा राहतो. हैदराबाद हे त्याचे बोलके उदाहरण होय. तेलुगूचे आठ, मराठीचे पाच आणि कानडीचे तीन अशा सोळा जिल्ह्यांचा निजामी कारभार उर्दूतून चाले. १९४८ साली ती राजवट संपली आणि या राज्याच्या भवितव्याविषयी तीन विचार पुढे आले.

पंडित नेहरूंना हे राज्य अखंड हवे होते. भाषेच्या अभिमानाने राष्ट्र दुभंगेल, ही त्यांची धास्ती. लोकांचे राज्य लोकांच्या भाषेतच चालले पाहिजे, म्हणून विभाजन अटळ, हे स्वामी रामानंद तीर्थांचे मत. डॉ. आंबेडकरांनी १९५५ साली तिसरी भूमिका मांडली : एका राज्याची भाषा एक असावी, परंतु एका भाषेचे राज्य एकच असावे असे नाही, आणि बहुसंख्य जातीच्या वर्चस्वापासून लहान समाजांना संरक्षण हवे.

नेहरूंची धास्ती काळाने खोटी ठरविली. भाषावार राज्यांनी संघराज्य मोडले नाही. स्वामीजींचा विचार शिक्षणाच्या कसोटीवर उतरतो. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस केले खरे. पण बहुसंख्य प्रजेची ती मातृभाषा नव्हती. तथापि सीमेपलीकडे राहणाऱ्यांचे काय, याचे उत्तर भाषिक तत्त्वात नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादचा मराठी माणूस आपल्याच जुन्या राजधानीत परप्रांतीय ठरला. येथे आंबेडकरांची दृष्टी अधिक दूरवर गेलेली दिसते. २०१४ साली तेलुगू भाषकांचीच दोन राज्ये झाली, तेव्हा तिचा प्रत्यय आला.

१९५६ सालीच राज्यघटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असा प्रयत्न राज्यांनी करावा, असे ते सांगते. परंतु वर्गात मुलेच नसतील तर कलम काय करणार? कानडी मुलखातील सिंदगीत जन्मलेल्या स्वामीजींनी मराठवाड्यात अध्यापन केले आणि तिन्ही भाषकांच्या लढ्याचे नेतृत्व केले. त्यांच्या सिद्धांतापेक्षा त्यांचे जीवन विशाल होते. राष्ट्रघडणीचा धडा आपण शिक्षकांनी तेथूनच घ्यावा.