कात्रीनाला धड कोणी दिले?

मेक्सिकोतल्या मृतांच्या दिवसाविषयी लिहिताना ऑक्ताव्हिओ पाझचा आधार घेतला जातोच. मीही घेत आलो. 'एकांताचा चक्रव्यूह' (१९५०) या त्याच्या पुस्तकातला मेक्सिकन माणूस मृत्यूची थट्टा करतो, त्याच्याशी सलगी ठेवतो. २ नोव्हेंबरला झेंडू, मेणबत्त्या, 'पान दे मुएर्तो' नावाचा गोड पाव आणि गेलेल्या माणसाचा फोटो यांनी सजणाऱ्या ओफ्रेंदाचा, म्हणजे घरातल्या त्या मांडणीचा, उलगडा एवढ्यातच झाला असे वाटते. परवा ते प्रकरण पुन्हा वाचले. मृत्यूविषयीची ही बेफिकिरी जगण्याविषयीच्या बेफिकिरीतून येते, असेही पाझ तिथेच म्हणतो. हे कौतुक नव्हे, निदान आहे. आपण ते अर्धेच ऐकले.

ला कात्रीनाच्या वाट्यालाही असेच अर्धे वाचन आले. पिसांची टोपी घातलेली ही हसरी कवटी आज सणाचा चेहरा झाली आहे. होसे ग्वादालुपे पोसादाने ती कोरली तेव्हा तिची ओळख 'गार्बान्सेरा' अशी होती. आपले आदिवासी मूळ लपवून युरोपीय थाट मिरवणाऱ्यांना मारलेला तो टोमणा. चित्रात फक्त डोके आणि टोपी; थाट आहे, पण तो घालायला अंगच नाही! पोसादा १९१३मध्ये गरिबीत वारला. कात्रीनाला धड, झगा आणि पिसांच्या सर्पाचा गळपट्टा मिळाला तो १९४७च्या सुमारास, दिएगो रिव्हेराच्या आलामेदा बागेच्या भित्तिचित्रात. तिथे ती एका बाजूला पोसादाच्या हातात हात घालून, दुसरीकडे बालरूपातल्या रिव्हेराचा हात धरून उभी आहे. रिव्हेराने हे प्रेमाने केले, यात शंका नाही. पण टोमण्यातली बाई तिथून पुढे राष्ट्राची कुलस्वामिनी झाली. 'स्पेक्टर' (२०१५) या बाँडपटात मेक्सिको सिटीतली एक काल्पनिक मिरवणूक दिसली आणि २०१६पासून ती शहरात खरोखरच निघू लागली. मला त्याचा राग नाही. सण असेही वाढतात. खटकते ते या साऱ्याला 'मेक्सिकन स्वभाव' म्हणणे.

कारण पाझ स्वतः तसा वागला नाही. २ ऑक्टोबर १९६८ला त्लातेलोल्कोत सैन्याने विद्यार्थ्यांवर गोळ्या चालवल्या, तेव्हा तो दिल्लीत राजदूत होता. निषेध म्हणून त्याने ते पद सोडले.

आणि २०२२मध्ये तिथल्या सरकारी नोंदीतल्या बेपत्ता माणसांचा आकडा एक लाखावर गेला. ओफ्रेंदावर फोटो ठेवायचा तर माणूस गेला हे आधी मान्य करावे लागते. कित्येक आया ते करायला तयार नाहीत. मुलाचा फोटो हातात धरून त्या १० मेला, तिथल्या मातृदिनी, राजधानीत मोर्चा काढतात.