एकट्याचे पदक

परग्रहवासीयांच्या आक्रमणाला तोंड देणाऱ्या एका सैनिकी तुकडीचा ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ हा खेळ फिरॅक्सिस या अमेरिकन संस्थेने २०१२ साली काढला. प्रारंभी चार, पुढे सहा जणांच्या या तुकडीतील कामांची वाटणी मोठी मार्मिक आहे. कोणी धडक देतो, कोणी अवजड शस्त्र वाहतो, कोणी जखमींची शुश्रूषा करतो. दूरवरून नेम धरणाऱ्याला ‘स्क्वाडसाइट’ हे कौशल्य दिले, की सोबत्याला दिसणारा शत्रूही तो टिपू शकतो. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहणे हेच मला या खेळाचे मर्म वाटते. मेलेला सैनिक परतत नाही. त्याचे नाव तळावरील स्मृतिफलकावर उरते.

याच खेळात अवघड कामगिऱ्यांसाठी पदके आहेत. ‘नो लुकिंग बॅक’साठी वरच्या दोनपैकी एका काठिण्यपातळीवर ‘आयर्नमॅन’ पद्धतीने खेळ जिंकावा लागतो. चुकलेली चाल मागे घेता येत नाही. हे पदक छळते खरे, परंतु प्रत्येक सोबत्याची किंमत शिकवून छळते. त्यापायी मुलांच्या (आणि कित्येक प्रौढांच्याही) काही संध्याकाळी गेल्या, तर मी तक्रार करणार नाही.

‘लोन वुल्फ’चे तसे नाही. शत्रूच्या कोसळलेल्या यानावर एकच सैनिक धाडून विजय मिळवा, ही त्याची अट. काठिण्यपातळी वरचीच, पण ‘आयर्नमॅन’चे बंधन नाही, सैनिक मेला की जतन केलेला डाव पुन्हा उघडावा. मग मृत्यूला वजन ते काय राहिले? शुश्रूषा करणारा तळावर बसून, आणि नेमबाजाला डोळे उसने द्यायला रणांगणावर कोणीच नाही.