कानुदोसचा यात्रिक

स्वतःला ईश्वराचा अवतार म्हणवणारा कोणी निघाला, की त्याच्याविषयी मत बनवायला आपल्याला फारसा वेळ लागत नाही. तो लबाड तरी असला पाहिजे किंवा वेडा तरी. आणि त्याच्यामागे जाणारे लोक तर अडाणी असणारच. एवढे एकदा ठरले म्हणजे पुढचा विचार करण्याचे श्रम वाचतात. मीही याला अपवाद नव्हतो. या सोयीच्या समजुतीला धक्का देणारा एक ग्रंथ काही वर्षांपूर्वी माझ्या हाती आला आणि एकदा वाचून तो सुटला नाही. ब्राझीलमधील एउक्लीदिस द कुन्या या लेखकाचा ‘ओस सेर्तोंइस’ हा तो ग्रंथ. मूळ पोर्तुगीज पुस्तक १९०२ सालचे. मी वाचले ते सॅम्युएल पुटनम यांनी १९४४ साली केलेले इंग्रजी भाषांतर. शब्दकोश शेजारी घेऊन वाचले, हेही सांगून टाकतो.

‘सेर्तांव’ म्हणजे ब्राझीलच्या ईशान्येचा, समुद्रापासून आत पसरलेला अवर्षणाचा मुलूख. काटेरी झुडपे, तापलेले खडक, वर्षातले कित्येक महिने कोरड्या पडणाऱ्या नद्या, आणि अंगात कातड्याचे कपडे घालून गुरे राखणारे गुराखी. १८७७ साली तेथे जो भयंकर दुष्काळ सुरू झाला, तो आणि १८७६ ते १८७८ या काळातला आपला दख्खनचा दुष्काळ ही जुळी भावंडे होती. पॅसिफिक महासागराच्या पाण्याच्या उष्णतेत झालेल्या एकाच उलथापालथीने दोन्हीकडचा पाऊस पळवला, असे आता शास्त्रज्ञ सांगतात. द कुन्याने केलेली त्या भूमीची वर्णने वाचताना मला परके वाटले नाही, त्याचे कारण हेही असेल.

या मुलखातून एक माणूस वीस वर्षांहून अधिक काळ पायी हिंडत होता. आंतोनियो व्हिसेंति मेंदिस मासियेल हे त्याचे नाव. जन्म १८३०, सेआरा प्रांतातल्या किशेरामोबिं गावी. दुकानदारी केली, शाळामास्तरकी केली, कचेरीत वकिली कारकुनी केली. एकही धंदा टिकला नाही. बायको दुसऱ्याबरोबर निघून गेली. पुढे हाच माणूस दाढीजटा वाढवून, निळ्या जाड्याभरड्या कापडाचा झगा घालून, हातात काठी घेऊन गावोगाव उपदेश करू लागला. लोक त्याला ‘कोन्सेल्येरो’, म्हणजे हिताचा सल्ला देणारा, म्हणू लागले. नंतर ‘संत’, आणि शेवटी ‘कृपाळू येशू’. १८७६ साली पोलिसांनी त्याला धरले. त्याने आईचा आणि बायकोचा खून केला आहे, अशी वदंता होती. गावी नेऊन चौकशी केली तेव्हा असा काही गुन्हाच घडलेला नाही असे निघाले. आई तर त्याच्या बालपणीच वारली होती! त्याला सोडून दिले. वदंतेला मात्र कोणी धरले नाही. ती हिंडतच राहिली.

हा माणूस करीत काय होता? पडकी देवळे बांधीत होता आणि गुरे शिरू नयेत म्हणून स्मशानांना कुंपणाच्या भिंती घालीत होता. द कुन्या हे सांगतो आणि पुढे जातो. मी मात्र तेथे अडलो. ज्याला आपण देव असल्याची खात्री पटली आहे, तो रोज उठून दुसऱ्यांच्या पूर्वजांच्या थडग्यांभोवती दगड कशाला रचील?

चर्चला तो खपत नव्हता. १८८२ साली बाहियाच्या आर्चबिशपांनी परिपत्रक काढून त्याला प्रवचन करू देऊ नका असे पाद्र्यांना बजावले. १८८९ साली बादशाही जाऊन प्रजासत्ताक आले. त्याने धर्म आणि राज्य वेगळे केले, विवाहाची नोंद सरकारी कचेरीत आणली, नगरपालिकांना कर बसवण्याचे अधिकार दिले. कोन्सेल्येरोला हे सारे धर्मबुडवे वाटले. १८९३ साली कराच्या नोटिसा लोकांनी त्याच्यादेखत जाळल्या, पोलिसांशी चकमक झाली, आणि तो आपल्या माणसांसह वाझा-बारीस नदीच्या काठी कानुदोस नावाच्या उजाड वाडीवर जाऊन राहिला. तिचे नाव त्याने ‘बेलू मोंती’, म्हणजे सुंदर डोंगर, असे ठेवले. शेतमजूर, मुक्त झालेले गुलाम, म्हाताऱ्या बाया, पूर्वायुष्यात दरोडे घातलेले लोक असे सगळे तेथे लोटले. जमीनदारांच्या वाड्यांवरची कामाची माणसे नाहीशी होऊ लागली. १८९५ साली चर्चने कापुचिन पंथाचा एक पाद्री समजावणीसाठी पाठवला. तो हात हलवीत परतला आणि राज्याविरुद्ध व धर्माविरुद्ध उभा राहिलेला हा फुटीर पंथ आहे असा अहवाल त्याने लिहिला. त्या अहवालाने निम्मे काम केले. उरलेले निम्मे लाकडांनी केले. नव्या देवळासाठी झुआझेरूच्या बाजारात लाकडे घेतली होती. ती पोचली नाहीत, आता ते लोक चालून येणार अशी आवई उठली, आणि १८९६च्या नोव्हेंबरात पहिली लष्करी तुकडी रवाना झाली.

ती परतवली गेली. दुसरी परतवली गेली. मार्च १८९७मध्ये कर्नल मोरेरा सेझार हा नामांकित, करड्या स्वभावाचा अधिकारी तेराशे शिपाई घेऊन गेला आणि मारला गेला. राजधानीत हलकल्लोळ उडाला. गुराख्यांनी फौज बुडवली हे कोणाला पटेना. यामागे पदच्युत बादशहाचे पक्षपाती असलेच पाहिजेत असे ठरले, आणि रिओच्या रस्त्यांवर त्यांच्या वृत्तपत्रांची कार्यालये जमावाने फोडली. पुण्यात प्लेगच्या अधिकाऱ्यांनी लोकांना सळो की पळो करून सोडले ते हेच साल!

एउक्लीदिस द कुन्या त्या वेळी तिशीतला होता. लष्करी शाळेत शिकलेला इंजिनिअर, प्रजासत्ताकाचा कडवा अभिमानी. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी व्हाँदे प्रांतातल्या राजनिष्ठ शेतकऱ्यांनी बंड केले होते. ‘आमची व्हाँदे’ असे नाव देऊन त्याने कानुदोसवर दोन लेख लिहिले आणि साओ पाउलोच्या वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून तो चौथ्या मोहिमेबरोबर गेला. त्याच्या मनातले चित्र तयार होते: एक वेडा पीर, त्याचे आंधळे भक्त, आणि पडद्यामागे राजपक्षीयांचा कट. कट त्याला कोठेही सापडला नाही. दिसले ते निराळेच. शरण आलेल्या पुरुषांच्या मुंड्या शिपाई संध्याकाळी सुरीने कापीत होते. प्रजासत्ताकाचा जयजयकार कर म्हटले तर कैदी करीत नव्हते.

आणि वृत्तपत्राला पाठवलेल्या पत्रांत त्याने या गळे कापण्याविषयी अक्षरही लिहिले नाही.

या ग्रंथाचे मर्म मला येथे वाटते. परत आल्यावर त्याला साओ झोझे दू रिओ पार्दू या गावी कोसळलेला लोखंडी पूल पुन्हा उभारण्याचे काम मिळाले. नदीकाठी पत्र्याच्या खोपट्यात बसून, मजुरांवर देखरेख करता करता त्याने हा प्रचंड ग्रंथ लिहिला. भाग तीन: भूमी, माणूस, लढाई. पहिला भूगर्भशास्त्राने जड झालेला आहे. दुसऱ्यात तो त्या काळच्या युरोपीय वंशशास्त्राचा चष्मा लावून सांगतो, की मिश्र रक्ताची प्रजा मुळातच असमतोल असते, आणि कोन्सेल्येरो हा इतिहासात मागे राहून गेलेला, दुसऱ्या शतकातल्या पाखंडी मोंतानुससारखा माणूस होय. पण त्याच भागात गुराख्याचे वर्णन करताना लेखणी त्याचे ऐकत नाही. घोड्यावर बसलेला तो काटक माणूस त्याला मनापासून आवडून जातो. आणि तिसऱ्या भागात सगळाच सिद्धांत गळून पडतो. गाडीबैलांनी ओढत नेलेली अगडबंब तोफ, उपाशी पलटणी, खेचरांचे तांडे आल्यावरच हललेली मोहीम, आणि दुसऱ्या बाजूला तहानेने जीभ सुजलेले, तरी खंदक न सोडणारे लोक. रानटी कोण याचे उत्तर लेखकाला आता पहिल्यासारखे देता येत नाही. गुन्हा घडला असे तो आरंभीच्या टिपणातच लिहितो, आणि तो गुन्हा आपल्या बाजूने घडला असे लिहितो.

वर्गात मुलाचे गणित चुकले की ते पाटी पुसते. द कुन्याने चुकलेले गणित पाटीवर तसेच ठेवून त्याखाली दुसरे मांडले आहे. काही टीकाकार याला ग्रंथातली विसंगती म्हणतात. विसंगती आहेच, पण ती काढून टाकली असती तर एक नीटनेटके पुस्तक हाती आले असते आणि एका माणसाची मती कशी पालटली हे आपल्याला कधीच दिसले नसते.

तरी माझी एक तक्रार आहे. गावकऱ्यांना द कुन्याने शेवटी माणसात घेतले. त्यांच्या पुढाऱ्याला घेतले नाही. सहाशे पानांच्या आसपास जाणाऱ्या ग्रंथात कोन्सेल्येरोचा आवाज असा ऐकूच येत नाही. गावात मिळालेल्या वह्यांतली भाकिते, १५७८ साली लढाईत नाहीसा झालेला पोर्तुगालचा राजा सेबाश्तियांव परत येणार अशा आशेची लोकांची कवने, आणि ऐकीव गोष्टी यांवरून त्याने त्याचे मन रचले. लोकांनीच या माणसाला पुढे ढकलून संत केले, हे त्याने फार मार्मिकपणे ओळखले आहे. परंतु त्या संताला स्वतःला काय वाटत होते? तेथे त्याने वैद्यकशास्त्राकडे बोट दाखवले.

वैद्यकाने काय सांगितले तेही पाहा. २२ सप्टेंबर १८९७ रोजी कोन्सेल्येरो वारला. ५ ऑक्टोबरला गाव पडले; शेवटी उरलेल्या चौघांत एक म्हातारा होता आणि एक पोर. (हा प्रसंग ग्रंथात अजरामर झाला आहे, पण लेखक आजारी पडून दोन दिवस आधीच तेथून निघाला होता.) घरे मोजली ती ५,२०० भरली. मग प्रेत उकरून मुंडके कापले आणि वेडाची खूण सापडेल म्हणून ते बाहियाला नीना रोड्रिगीस या डॉक्टरांकडे धाडले. डॉक्टरांनी कवटी तपासली. तीत वेगळे काहीच नव्हते. पुढे १९०५ साली वैद्यक महाविद्यालयाला आग लागली तीत ती जळून गेली.

कवटीऐवजी एक वही तपासायला हवी होती. गाव पडल्यावर मिळालेले कोन्सेल्येरोच्या प्रवचनांचे हस्तलिखित आतालिबा नोगेरा यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. त्यात मेरीच्या दुःखांवरचे चिंतन आहे, दहा आज्ञांवरची विवेचने आहेत, सरकारी विवाहावर आणि प्रजासत्ताकावर कडक टीका आहे, आणि शेवटी निरोप घेताना, उपदेश करताना कोणाचे मन दुखावले असल्यास क्षमा करा, अशी विनवणी आहे. खेड्यातल्या कोणा जुन्या वळणाच्या पाद्र्याने लिहावे असे हे लिखाण. ‘मी देव’ असे त्यात कोठे नाही. तारीख १२ जानेवारी १८९७ आहे, म्हणजे दुसरी तुकडी चालून येत होती तेव्हाची. नावामागे बिरुद लावले आहे ते ‘यात्रिक’ एवढेच. आणि बाहियाला त्याने ‘प्रांत’ म्हटले आहे. तो बादशाहीतला शब्द. प्रजासत्ताकाने तो बदलून सात वर्षे होऊन गेली होती. म्हातारा हट्टी होता यात शंकाच नाही.

पेरूचे कादंबरीकार मारिओ वार्गास योसा यांनी १९८१ साली याच युद्धावर ‘जगाच्या अंताचे युद्ध’ ही कादंबरी लिहिली आणि ती द कुन्याला अर्पण केली. तीत एक आंधळट बातमीदार आहे. कानुदोसमध्ये पोचल्यावर त्याचा चष्मा फुटतो आणि ज्या गोष्टीची साक्ष द्यायला तो आला ती त्याला दिसतच नाही. ही कल्पना कोणाही कादंबरीकाराला हेवा वाटावी अशी आहे. मात्र योसांनीही कोन्सेल्येरोच्या मनात शिरण्याचे टाळले. आजूबाजूचे सगळे, दरोडेखोर, व्यापारी, कुबडा लेखनिक, आतून रंगवलेले. तो एकटाच बाहेरून. त्यांनी हे जाणूनबुजून केले असणार, आणि कलेच्या दृष्टीने ते साधलेही आहे. पण ही कादंबरी आली तेव्हा ती वही छापून सात वर्षे झाली होती. गूढ पुरुष रंगवणे सोपे, क्षमा मागणारा म्हातारा रंगवणे अवघड, असे तर नव्हे?

ज्यांना द कुन्याचा ग्रंथ मिळेल त्यांना भीती वाटेल ती पहिल्या भागाची. दुसऱ्या वाचनाला मी लढाईपासून सुरुवात केली, मग माणूस वाचला, आणि भूमी सर्वांत शेवटी. तेव्हा त्या खडकांत आणि काटेरी झुडपांत कोण कोण पडले आहे हे माहीत झालेले होते, आणि ते रुक्ष वाटलेले प्रकरण मी एका बैठकीत संपवले.