शब्दकोड्यातील सूचकांचे प्रामाण्य

दैनिक वृत्तपत्रातील शब्दकोडे हा वाङ्मयविचाराचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका प्रथमदर्शनी कोणासही येईल. सकाळच्या चहाबरोबर सोडवावयाचे आणि दुपारी रद्दीत टाकावयाचे हे लेखन. ते वाङ्मय नाही हे उघड आहे. तथापि वाक्याचा अर्थ वाचकाला कसा लागतो आणि लागलेला अर्थ खरा आहे हे त्याला कशावरून कळते, या मूलभूत प्रश्नाचे याहून आटोपशीर उदाहरण सापडणे कठीण. कोड्याच्या चौकटीखाली ‘आडवे शब्द’ व ‘उभे शब्द’ या मथळ्यांखाली जी लहानलहान वाक्ये दिलेली असतात, त्यांना येथे ‘सूचके’ म्हटले आहे. सूचकावरून शब्द सुचणे ही एक गोष्ट आणि सुचलेला शब्द हाच तो, अशी खात्री पटणे ही दुसरी. मराठी शब्दकोड्याचे दौर्बल्य या दुसऱ्या गोष्टीत आहे.

आर्थर विन याने ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’च्या २१ डिसेंबर १९१३ च्या अंकात प्रसिद्ध केलेले कोडे हे या प्रकाराचे पहिले आधुनिक उदाहरण मानले जाते. पुढे अमेरिकेत आणि इंग्लंडात त्याला दोन निरनिराळी वळणे लागली. अमेरिकन चौकटीत काळी घरे थोडी आणि प्रत्येक पांढरे घर एका आडव्या व एका उभ्या अशा दोन शब्दांत सामावलेले असते. एखादे सूचक संदिग्ध असले तरी उत्तराचे प्रत्येक अक्षर दुसऱ्या शब्दाच्या साक्षीने तपासले जाते. इंग्लंडातील चौकट जाळीदार असते आणि तीत जवळजवळ निम्मी अक्षरे एकाच शब्दाची, म्हणजे साक्षीदाराविना असतात. ‘टाइम्स’ने १ फेब्रुवारी १९३० पासून कोडे छापण्यास आरंभ केला, तोपर्यंत ही उणीव भरून काढणाऱ्या निराळ्या जातीच्या सूचकाचा तेथे उदय झालेला होता. या सूचकात उत्तराकडे जाण्याच्या दोन वाटा असतात: एक अर्थाची, दुसरी शब्दाच्या घडणीची. दोन्ही वाटा एकाच शब्दाशी येऊन मिळाल्या की शंकेला जागा उरत नाही. चौकटीने जे प्रामाण्य काढून घेतले ते सूचकाने परत दिले. हा संबंध पुष्कळदा दुर्लक्षिला जातो, आणि मग इंग्रजी गूढ सूचके ही केवळ त्या लोकांच्या विक्षिप्त विनोदबुद्धीची उपज समजली जातात.

या प्रकाराला शास्त्र येण्यास काळ लागला. १९२६ पासून १९३९ मधील आपल्या मृत्यूपर्यंत ‘ऑब्झर्व्हर’साठी कोडी रचणारा ‘टॉर्केमाडा’ हा प्रतिभावान खरा, परंतु निरंकुश. (त्याचे खरे नाव एडवर्ड पॉविस मॅदर्स. बिल्हणाच्या ‘चौरपञ्चाशिके’चे ‘ब्लॅक मॅरीगोल्ड्स’ हे स्वैर इंग्रजी रूपांतर करणारा तो हाच, हे संस्कृतच्या अभ्यासकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.) त्याच्या जागी आलेला डेरिक मॅकनट हा शाळेत अभिजात भाषा शिकविणारा शिक्षक. त्यानेही ‘झिमेनीझ’ हे स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचेच नाव धारण केले, पण कायदा रचनाकारावर लादला. १९६६ च्या आपल्या ग्रंथात त्याने सूचकात काय असावे याचा सविस्तर विचार केला. त्याचा इत्यर्थ असा की, सूचकात उत्तराची नेमकी व्याख्या असावी, घडणीचा प्रामाणिक निर्देश असावा, आणि याखेरीज एकही शब्द फालतू नसावा. तत्पूर्वी ‘ॲफ्रिट’ या रचनाकाराने १९४९ मध्येच हे तत्त्व मांडले होते, की वरवर दिसणारा अर्थ रचनाकाराच्या मनात असण्याचे कारण नाही, परंतु जो त्याच्या मनात आहे तो त्याच्या शब्दांतून अक्षरशः निघाला पाहिजे.

हे तत्त्व भारतीय साहित्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला अपरिचित वाटू नये. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. शब्द एकमेकांत जोडले गेल्यामुळे जिचा अर्थ झाकला जातो ती ‘समागता’. एका अर्थी रूढ असलेला शब्द दुसऱ्याच अर्थी योजून जी फसविते ती ‘वञ्चिता’. इंग्रजी कोडेकार ‘फ्लॉवर’ हा शब्द ‘फूल’ या अर्थी न घेता ‘जी वाहते ती’ या यौगिक अर्थी घेतो आणि नदी सुचवितो, तेव्हा तो वञ्चितेचाच अवलंब करीत असतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, पूर्वाचार्यांनी चौदा ‘दुष्ट’ प्रहेलिकाही सांगितल्या होत्या असे दंडी नमूद करतो. मात्र दोष अगणित असल्यामुळे त्यांचे वर्णन करण्याचे टाळून तो साधू प्रहेलिकांपुरताच विचार करतो. कोड्यातही साधू आणि दुष्ट असा भेद असतो, ही जाणीव येथे स्पष्ट आहे.

सूचकाच्या अर्थव्यापाराला ध्वनी म्हणण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. ध्वनीत वाच्यार्थ टिकून राहतो आणि त्याच्या आधाराने दुसरा अर्थ उजळतो. सूचकाचा वरवरचा अर्थ उत्तर सापडताच टाकून द्यावयाचा असतो. ती लक्षणाही नव्हे, कारण मुख्यार्थाचा बाध झालेला नसतो. उलट तो जितका सरळ लागेल तितकी फसवणूक यशस्वी. वस्तुतः येथे सारा व्यापार अभिधेचाच आहे. अनेकार्थी शब्दाचा एक अर्थ निश्चित करणाऱ्या संयोग, विप्रयोग, प्रकरण इत्यादी नियामकांची यादी भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त दिली आहे. कोडेकार या नियामकांचीच खोटी मांडणी करतो. शब्द खरे, व्याकरण खरे, केवळ प्रकरण खोटे.

दुष्ट प्रहेलिकेचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्याकडे काव्यशास्त्राने नव्हे, कायद्याने हाताळले. बक्षिसाची शब्दकोडी हा एके काळी नियतकालिकांतील मोठा व्यवसाय होता. त्यांतील सूचकाचा एक नमुना येथे केवळ स्पष्टीकरणासाठी रचता येईल: ‘संकटात –त्र उपयोगी पडतो.’ रिकाम्या घरात ‘मि’ घातल्यास मित्र, ‘मं’ घातल्यास मंत्र, आणि ‘पु’ घातल्यास पुत्र. तिन्ही शब्द व्याकरणाने बसतात, तिन्ही अर्थाने शोभतात. मित्र की पुत्र याचा निर्णय अनुभवी माणसेही छातीठोकपणे देणार नाहीत. ‘अचूक’ उत्तर मात्र आधीच मोहोरबंद पाकिटात ठेवलेले. मुंबई राज्याने १९४८ साली लॉटऱ्या व बक्षीस-स्पर्धा यांवर नियंत्रण आणि कर बसविणारा कायदा केला. १९५५ साली संसदेने बक्षीस-स्पर्धांचा स्वतंत्र कायदा करून, महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे असलेल्या स्पर्धांस मनाई केली आणि प्रवेशिकांची मर्यादा दोन हजार ठरविली. चमारबागवाला यांनी या कायद्यांना दिलेल्या आव्हानांवर सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी निर्णय दिले. केंद्राच्या कायद्यासंबंधीचा निर्णय या दृष्टीने अर्थपूर्ण आहे: शब्दयोजनेची व्याख्या कितीही व्यापक असो, ज्या स्पर्धांतील यश बव्हंशी कौशल्यावर अवलंबून असते त्यांना हा कायदा लागू नाही; तो जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांपुरताच आहे. न्यायालयापुढे प्रश्न व्यापारस्वातंत्र्याचा होता, सूचकाचा नव्हता. परंतु कौशल्य व दैव यांच्यामधील सीमारेषा कोड्याच्या बाबतीत शेवटी सूचकाच्या वाक्यातच आखावी लागते. सूचकातून उत्तर निष्पन्न होत असेल तर ते कौशल्य. ते पाकिटातून निघत असेल तर तो जुगार. मीमांसकांची परिभाषा सैल अर्थाने वापरावयाची तर पहिल्याचे प्रामाण्य स्वतः, दुसऱ्याचे परतः.

बक्षिसे गेली, पाकीट मात्र राहिले असे मराठी दैनिकांतील शब्दकोडी पाहता म्हणावे लागते. पाकिटाची जागा दुसऱ्या दिवशीच्या अंकाने घेतली इतकेच. मराठी कोड्याची चौकट सामान्यतः विरळ, इंग्लंडातील वळणाची. पुष्कळ घरे एकाच शब्दाची. सूचके मात्र अमेरिकन परंपरेतील सोप्या सूचकांसारखी, म्हणजे केवळ पर्यायशब्द देणारी. अशा रीतीने दोन्ही पद्धतींतील तपासणीची साधने एकाच वेळी गळून पडली आहेत. त्यात भर म्हणून मराठीला संस्कृत पर्यायांचा अमाप वारसा. ‘पाणी (३)’ असे सूचक दिले तर उदक, सलिल, जीवन हे तिघेही दारात उभे. ‘पाणी (२)’ म्हटले तर जल, नीर, तोय, वारि, अंबु अशी रांगच लागते. अमरकोश पाठ असलेल्या वाचकाला हे कोडे अधिक अवघड जावे आणि ज्याला एकच पर्याय ठाऊक आहे त्याला ते चटकन सुटावे, हा विपरीत न्याय होय. ज्ञान वाढले की उत्तर धूसर होते, अशा सूचकाला साधू म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. मराठीत घर वर्णाचे नसून अक्षराचे असते. स्वर व्यंजनाला चिकटलेला, जोडाक्षर अखंड. तेव्हा इंग्रजीसारखी शब्दांची मोडतोड येथे शक्य नाही. आक्षेपात तथ्य आहे. ‘स्वातंत्र्य’ हा एवढा मोठा शब्द तीनच घरांत मावतो, आणि त्याचे शेवटचे घर ‘त्र्य’ हे छेदावयाचे तर ‘वैचित्र्य’, ‘पावित्र्य’ असे त्याच अक्षराने संपणारे शब्दच शोधावे लागतात. परिणामी दोन्ही शब्द चौकटीत त्याच एका घरावर येऊन थांबतात. तीन अक्षरांच्या सहाच अदलाबदली होतात, आणि त्यांतील बहुतेक निरर्थक. शिवाय मराठीचे सामान्यरूप आड येते. इंग्रजी नाम वाक्यात कोठेही बसविले तरी त्याची अक्षरे तीच राहतात. मराठीत ‘रान’चे ‘रानाचा’ होते. म्हणून ज्या शब्दाची मोडतोड करावयाची तो रचनाकाराला शक्यतो विभक्तिप्रत्ययाविना, प्रथमेत ठेवावा लागतो. ही बंधने खरी आहेत. पण त्यांवरून अशक्यता सिद्ध होत नाही. पार्थपूरच्या सूर्यदासाने सोळाव्या शतकात ‘रामकृष्णविलोमकाव्य’ रचले. सुलट वाचता रामकथा आणि उलट वाचता कृष्णकथा. ही किमया अक्षर हाच घटक धरून साधलेली आहे.

मराठी सूचके कशी होऊ शकतील याचे काही नमुने रचून पाहणे उद्बोधक ठरेल. ‘विस्कटलेले कमल कायद्यात सापडते (३)’: येथे ‘कमल’ प्रथमेत आहे, ‘विस्कटलेले’ हा अदलाबदलीचा निर्देश, आणि उत्तर ‘कलम’. ‘नदी उलटली की गरीब (२)’: अक्षरे उलट क्रमाने घेता वेलांटी ‘द’बरोबरच जाते आणि ‘दीन’ मिळतो. ‘रानाचा दरवळ रामाच्या वाट्याला आला (४)’: रान म्हणजे वन, दरवळ म्हणजे वास, समासाचा विग्रह निराळा केला की ‘वनवास’. हा सभंग श्लेषाचा सरळ उपयोग असून, येथे सामान्यरूपाचा अडथळा येत नाही, कारण ‘रान’ हा शब्द अक्षरांसाठी नव्हे, अर्थासाठी आलेला आहे. ‘सभा रतलामला भरली, पोटात सारा देश (३)’: पहिल्या दोन शब्दांच्या सांध्यावर ‘भारत’ लपलेला आहे, दंडीची समागता यापेक्षा फार दूर नाही. यांपैकी एकही सूचक सोडविणाऱ्याला दुसऱ्या दिवशीच्या अंकाची वाट पाहावी लागणार नाही. ‘पाणी (३)’ सोडविणाऱ्याला ती पाहावी लागते.

शब्दांची मोडतोड हे इंग्रजीचे बलस्थान असेल, तर लिंगभेद हे मराठीचे म्हणता येईल. इंग्रजी नामाला जे व्याकरणिक लिंग नाही ते मराठी नामाला आहे, आणि एकाच रूपाचे दोन शब्द केवळ लिंगाने वेगळे पडतात अशी उदाहरणे मराठीत विपुल आहेत. ‘ती वाकवावी लागते, तो मिळवावा लागतो (२)’ या सूचकाचे उत्तर ‘मान’. ‘ती गळ्यात घालावी, तो तुडवावा (२)’ याचे ‘माळ’. या दोन वाक्यांत अदलाबदल नाही, उलटापालट नाही. सर्वनामांनी आणि क्रियापदांच्या प्रत्ययांनी सगळे काम केले आहे. भर्तृहरीच्या नियामकांत ‘व्यक्ती’, म्हणजे शब्दाचे लिंग, हाही एक नियामक गणलेला आहे. इतर नियामकांची खोटी मांडणी करणाऱ्या कोडेकाराला येथे मात्र त्याचा खरेपणाने उपयोग करता येतो. अशी सूचके मराठी वृत्तपत्रांतून क्वचितच आढळतात. ती रचण्यास कोशापेक्षा व्याकरणाची सोबत अधिक लागते, आणि उत्तर छापताना केवळ शब्द न देता त्याची फोडही द्यावी लागते. रोज चार-सहा ओळींची जागा त्यासाठी सोडावयाची की नाही, हा प्रश्न आता संपादकांच्या मेजावरचा आहे.