सोडून जायचे पैसे

टोनी शे यांचं 'डिलिव्हरिंग हॅपिनेस' हे पुस्तक २०१० साली आलं. ऑनलाइन बूट-चपला विकणाऱ्या 'झॅपोस' या अमेरिकी कंपनीची ही गोष्ट. माणसं कामावर आनंदात असली की धंदाही चालतो, हे तिचं सांगणं.

पुस्तक वाचनीय आहे. शे यांनी मूल्यं एकट्यानं ठरवली नाहीत. कर्मचाऱ्यांना विचारलं आणि सदतीस मुद्द्यांची यादी दहावर आणली. पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती या दहांत नसलेली एक गोष्ट. नव्या माणसाला प्रशिक्षणातच कंपनी तेव्हा सांगत असे, मन रमत नसेल तर दोन हजार डॉलर घे आणि जा. झालेल्या दिवसांचा पगार वेगळा. बहुतेक जण थांबत.

इथं बीडचा वाचक अडखळतो. काम सुरू होण्याआधी पैसे आपल्याकडेही मिळतात. त्याला उचल म्हणतात. दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, पाटोद्याकडची जोडपी साखर कारखान्यांकडे निघतात, ती मुकादमाची उचल फेडायला. नवरा-बायको मिळून एक कोयता. खाडा झाला की दंड. हंगाम संपूनही उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या बोकांडी. झॅपोस जाण्यासाठी पैसे देत असे. इथं पैसे घेतलेत म्हणून जाता येत नाही.

बायका याची किंमत शरीरानं मोजतात. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आकडे आले. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कारणं अनेक होती. खाड्याची भीती त्यांतलं एक.

शे यांनी ऊसतोडीवर लिहावं अशी अपेक्षा कुणी करणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्यांनी पहिली कंपनी मायक्रोसॉफ्टला विकली. वर्षभर तिथं थांबले असते तर आणखी मोठी रक्कम मिळणार होती. मन उडालं, तसे ते तिच्यावर पाणी सोडून निघाले. आनंदाचा त्यांचा शोध या निघण्यापासून सुरू होतो. पुढं मात्र पुस्तक मूल्यं, मैत्री, ध्येय यांत रमतं. शेवटी आनंदाचे घटक सांगताना ते म्हणतं, आपल्या हातात काही आहे असं माणसाला वाटायला हवं. नुसतं वाटून कसं भागेल? खरंच काहीतरी हातात असावं लागतं.

बीडहून पुण्याला पहिल्या नोकरीवर निघालेल्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. ऑफिसच्या भिंतीवरची मूल्यंही वाचावीत. पण सही करण्याआधी ऑफर लेटरमधलं बॉन्डचं कलम शोधावं आणि मधेच सोडलं तर किती भरावे लागतील, ते विचारून घ्यावं. कंपनी आपल्याला काय समजते, ते त्या आकड्यावरून कळेल.