वऱ्हाडांतील वतनी आडनांवें व आईन-इ-अकबरीची साक्ष

वऱ्हाडांतील देशमुख, देशपांडे, पाटील व कुळकर्णी या आडनांवांचें प्राचीनत्व सिद्ध करावयाचें झालें म्हणजे आईन-इ-अकबरींतील एक वाक्य प्रमाण म्हणून पुढें करण्यांत येतें. इ. स. १५९६ त वऱ्हाड अकबराकडे गेल्यावर अबुल फजलानें या सुभ्याचें जें वर्णन केलें, त्यांत तो सांगतो कीं, चौधरीस येथें देशमुख, कानूगोस देशपांड्या, मुकद्दमास पाटील व पटवाऱ्यास कुळकर्णी म्हणतात. हें वाक्य अमोल आहे, यांत संशय नाहीं. परंतु घराण्यांच्या हकीकतींत व कागदपत्रांच्या याद्यांत त्याचा जो अर्थ घेतला जातो, तो त्या वाक्यांत नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम त्याचा गुण सांगूं. मोंगली अंमल नुकताच बसत असतां परक्या ग्रंथकारास या शब्दांची फोड करावी लागली. यावरून हीं नांवें मोंगलांनीं आणिलेलीं नसून त्यांच्या पूर्वींच येथें रूढ होतीं, हें उघड होतें. ‘पाटील’ तर त्याहूनहि फार जुना. माळव्याच्या परमारांच्या संस्कृत ताम्रपटांत ग्रामवासी जनांबरोबर ‘पट्टकिल’ यासहि उद्देशून राजाज्ञा आहे. त्याच शब्दाचें हें मराठी रूप होय. ‘कुळकर्णी’ यांतील कुळ म्हणजे वंश नव्हे, सारा देणारा शेतकरी. आणि ‘करण’ याचा लेखक हा अर्थ संस्कृतांत प्रसिद्धच आहे. सारांश, हीं नांवें कामाचीं आहेत.

आतां दोष, तो वाक्याचा नव्हे, वाचणाऱ्यांचा. अबुल फजल हुद्दे सांगतो, आडनांवें सांगत नाहीं. हुद्दा वतनी होऊन बापामागें मुलाकडे चालूं लागला, म्हणजे मग त्याचें आडनांव बनतें. आणि तें बनलें तरी त्याखालीं मूळची कुळी शिल्लक असतेच. अमरावती जिल्ह्यांतील पापळ येथें १८९८ त जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या घराण्याचें मूळ आडनांव कदम होतें. देशमुख हें एकच आडनांव वऱ्हाडांत मराठे, ब्राह्मण व मुसलमान अशा भिन्न समाजांत आढळतें, त्याचें कारणहि हेंच. त्यांचा वंश एक नव्हता, काम एक होतें.

शब्दाच्या कुळावरून माणसाचें कुळ काढणें सर्वत्रच घातक. हंगेरी देशांत ‘कोवाच’, म्हणजे लोहार, हें अतिशय प्रचलित आडनांव आहे. तो शब्द त्या भाषेंत स्लाव्ह लोकांकडून आला. म्हणून प्रत्येक कोवाच कांहीं स्लाव्ह ठरत नाहीं. आमच्याकडील चिटणीस, पोतनीस, फडणीस यांतील ‘नीस’ हा फारशी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा. त्यावरून त्या घराण्यांच्या उगमाविषयीं कांहीं सिद्ध होत नाहीं, आणि त्यास ओढूनताणून संस्कृत व्युत्पत्ति चिकटविण्याचेंहि कारण नाहीं. शिवछत्रपतींच्या राज्यांत सुरनिसाचा सचिव व डबिराचा सुमंत झाला. तरी डबीर हें आडनांव आजहि नांदत आहे.

संग्राहकांनीं हा भेद न पाळल्यास हानि मोठी आहे. जुन्या कागदावर ‘देशमुख’ एवढें पाहून तो आजच्या एखाद्या देशमुख घराण्याच्या दप्तरांत घातला, कीं त्याचा खरा धनी हरवतो आणि वंशावळींत परक्या पुरुषाचा शिरकाव होतो. परगण्याचें नांव हा मुख्य आधार. पण तेंहि पुरतें वाचावें. आमच्या बडनेऱ्याचेंच उदाहरण घ्या. याखेरीज दर्यापुराकडे वडनेर गंगाई आहे, नांदुऱ्याकडे वडनेर भोलजी आहे. आणि आईनेंतहि गंगा व भोलजी अशा विशेषणांनीं निरनिराळे बडनेरे दाखविले आहेत. कागदाचा कोपरा फाटून तो दुसरा शब्द गेला असेल, तर ‘देशमुख परगणे बडनेरा’ एवढ्या अक्षरांवरून कोणत्याहि घराण्याचा निश्चय करतां येत नाहीं.

यास्तव हुद्दा, परगणा, पुरुषाचें नांव, त्याच्या बापाचें नांव, सन व शिक्का यांचे रकाने यादींत स्वतंत्र ठेवावे. आडनांवाचा रकाना, तें आडनांव म्हणून कागदांत स्पष्ट दिसेल तेव्हांच भरावा. अबुल फजलानें चार हुद्द्यांची चारशें वर्षांहून जुनी नोंद आपणांस दिली आहे. तिच्यापाशीं वंशावळ मागूं नये.